पुसलेली खुर्ची

४ जून

प्रिय बारके,

फोनवर तू मला बोलू देत नाहीस. मी "अगं" म्हणेपर्यंत तुझं सगळं सांगून झालेलं असतं, आणि मागे आई "माझ्याकडे दे, माझ्याकडे दे" करत उभी. म्हणून लिहिते. पत्रात तुला मध्येच तोंड घालता येणार नाही.

इथे प्रशिक्षण केंद्रात माझं बरं चाललंय. आईला आणि मला केंद्राच्या आवारातच घर मिळालंय; वर्गाची खिडकी असो की घराची, शेजारच्या इमारतीची पाण्याची टाकीच दिसते. समाजसेवेच्या कामात नव्याने येणाऱ्या मुलामुलींना मी शिकवते, की लोकांच्या घरी कसं जायचं, कुठे बसायचं, किती बोलायचं. स्वतः मात्र आता कोणाच्याच घरी जात नाही. साहेब याला बढती म्हणतात.

माझ्या सगळ्या केस तुझ्याकडे आल्या असं कळलं. अख्ख्या कार्यालयात दुसरं कोणी नव्हतं का गं? लहानपणी माझे फ्रॉक तुला जायचे, आता माणसं. असो. बाकीच्यांचं तू बघून घेशील, पण शिवणवालीचं नीट ऐक. (नाव लिहीत नाही. कोणाचीही खाजगी गोष्ट पत्रात नावानिशी लिहायची नाही, हे तुला मीच शिकवलंय.) नवरा गेल्यावर तिने अंथरूण धरलं. उठायची नाही, जेवायची नाही, मुलीची शाळा बंद. शेवटी मुलीला दुसऱ्या कुटुंबात ठेवावं लागलं. तिच्या कुशीतून मुलगी मी उचलली. आणि नंतर तिला डॉक्टरकडे नेलं, औषधं सुरू केली, पुन्हा मशीनवर बसवलं, तेही मीच. आता मुलीने घरी परत यायची वेळ आलीय. समिती घर बघून जाईल आणि ठरवेल. हे माझ्या हातून व्हायला हवं होतं, बारके. तोंडाशी आलेला घास आहे.

तिचा एक भाऊ आहे. त्याच्यापासून सावध राहा. एकदा पिऊन माझ्या अंगावर ओरडला होता.

आणि हो, मी गेले की ती हातातलं टाकून उठते, खुर्ची फडक्याने पुसते आणि मगच मला बसू देते. एकदाही चुकली नाही. एवढा मान मला सासरी मिळाला नाही.

"दोघींनी मिळून एकदा तिच्याकडे जाऊ, तिच्यासमोर तू केस माझ्या हाती दे, तशी पद्धत आहे," असं तू म्हणत होतीस. पद्धत मला सांगू नकोस, इथे मीच ती शिकवते. पण त्या आठवड्यात सामान बांधायचं होतं. आणि हात धरून न्यायला तू काय बालवाडीत आहेस?

तुझी,
ताई

१९ जून

प्रिय ताई,

तुझं पत्र आलं आणि मी ते कामावर जाता जाता वाचलं. एवढं रागवायला मी काय केलं ते मला कळलं नाही, पण तू रागावली आहेस हे मात्र कळलं.

इकडे माझा जीव मेटाकुटीला आलाय. कुठेही जा, पहिलं वाक्य ठरलेलं. "ताई असत्या तर." दवाखान्यातली बाई तेच, शाळेचे मुख्याध्यापक तेच, कार्यालयातला शिपाईसुद्धा माझ्यासमोर चहा ठेवताना म्हणतो, "ताई बिनसाखरेचा घ्यायच्या." मी साखरेचा घेते, त्याला मी काय करू? तुझ्या खुर्चीत बसून मला तुझा इतका हेवा वाटतो, की कधी कधी वाटतं सरळ दुसऱ्या मजल्यावर टेबल मागावं.

पण शिवणवालीकडे छान झालं! मी गेले तशी ती उठली आणि फडकं शोधायला लागली. मी म्हटलं, राहू द्या हो, तुमचं काम खोळंबेल. आत स्वयंपाकघरात मशीन, मशीनशेजारी एक बुटकं स्टूल, त्यावर कपड्यांचा ढीग. ढीग मांडीवर घेतला आणि बसले. तिने कसलासा झगा शिवायला घेतला होता, त्याचे कच्चे टाके काढायचे होते. मी ते काढत बसले आणि ती बोलत बसली. तुला माहीत होतं का, की ती नवऱ्याशी भांडून चार महिने माहेरी राहिली होती? आणि तिला मुलीपेक्षा मुलीच्या शाळेची भीती वाटते? सकाळी फाटकाशी बाकीच्या आया काय म्हणतील, याने तिला रात्ररात्र झोप येत नाही. फाईलमध्ये हे कुठे दिसलं नाही म्हणून विचारते.

निघताना म्हणाली, "धाकट्या बाई, तुमच्याशी बोलताना कामात असल्यासारखं वाटतं." मला फार बरं वाटलं.

भाऊ भेटला. घरं रंगवायचं काम करतो, कानाच्या पाळीलासुद्धा रंग. पिऊन नव्हता. आईला सांग, पुढच्या महिन्यात येते.

तुझी,
बारकी

२७ जून

बारके,

स्टुलावर?

स्वयंपाकघरात, स्टुलावर, मांडीवर कपडे घेऊन? तू तिची मैत्रीण नाहीस. उद्या समितीपुढे तुला सांगावं लागेल, की ही बाई मुलीला सांभाळू शकते की नाही. कदाचित "नाही" म्हणावं लागेल. मग टाके काढतानाच्या गप्पा कुठे जातील? मी एवढी वर्षं खुर्चीत बसले ती काही मला मऊ गादी हवी होती म्हणून नाही. मान राखून, अंतर राखून काम होतं.

आणि नाही, माहेरी राहिल्याचं मला माहीत नव्हतं. शाळेच्या भीतीचंही नाही. तिने मला सांगितलं नाही. झालं समाधान?

खरं सांगू? पत्र वाचून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी तिच्याकडे उन्हातान्हात गेले, ती भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची आणि मी त्या खुर्चीत बसून एकटीच बडबड करायचे. आणि तू पहिल्याच भेटीत आत! तुझं नेहमीचंच आहे हे. आईला औषध मी देते, पाय मी चेपते, आणि ती दाराकडे बघून विचारते, "बारकी कधी येणार?" काल तुझं पत्र तिला वाचून दाखवलं, शिवणवालीचं सोडून. तर म्हणाली, "पोरगी जाईल तिथे माया लावते." मी तिथेच उभी होते, हातात तिचा पाण्याचा पेला घेऊन.

भावावर विश्वास ठेवू नकोस. एकदा भेटून माणूस कळत नाही.

ताई

१५ जुलै

प्रिय ताई,

आईच्या बोलण्याचा राग माझ्यावर कशाला? ती तुझ्याकडे राहते, माझी फक्त वाट बघते. दोन्हींतलं काय बरं, ते तूच ठरव.

अंतराबद्दल तुझं म्हणणं पटलं. थोडंसं. तिला मी स्पष्ट सांगितलंय, की समितीपुढे मी खरं तेच बोलणार, तुमच्या बाजूचं असो की नसो. ती म्हणाली, "माहितीये. म्हणून तर सांगते तुम्हाला सगळं."

आता भावाचं. एकदा भेटून माणूस कळत नाही म्हणालीस, म्हणून अनेकदा भेटले. त्याच्या मुकादमाशी बोलले, शेजारणीशी बोलले, तो जिथे दारू सोडायला जातो तिथे त्याच्या परवानगीने जाऊन आले. दोन वर्षांत त्याने घोट घेतलेला नाही. तू लिहिलंस ते त्या वेळी खरंच होतं, पण ते नंतर कोणी पुन्हा तपासलं नाही.

मग आम्ही तिघांनी बसून ठरवलं. शिवणवालीला अजूनही वाईट दिवस येतात, डॉक्टर म्हणतात येतच राहतील. तशा दिवशी मुलीचं कोण बघणार, हे समिती पहिलं विचारणार. म्हणून भाऊ आता तिच्याकडेच राहायला आलाय, बाहेरच्या खोलीत. ती उठली नाही तर तो मुलीला न्याहारी देणार, शाळेत सोडणार आणि मला फोन करणार. हे सगळं तिने तिच्या तोंडाने सांगितलं, मी फक्त लिहून घेतलं. समितीला तसं कळवलंय. सारा डोलारा त्या भावावर आहे.

समिती सहा ऑगस्टला येतेय. मुलगी दर रविवारी भेटायला येते, आणि हल्ली जाताना चप्पल मुद्दाम विसरून जाते. ताई, हे जमेलसं वाटतंय मला.

बारकी

२५ जुलै

प्रिय बारके,

तुझं पत्र मिळालं. छान चाललंय म्हणायचं. मी आता यात काही बोलणार नाही, तुझी केस, तुझी जबाबदारी. मी आपली पाण्याच्या टाकीकडे बघत मुलांना शिकवते.

फक्त एवढंच, समितीत वयस्कर मंडळी असतात. बाईच्या घरात दारुडा, म्हणजे होता म्हण, पण असा पुरुष राहतोय हे त्यांच्या डोळ्यात खुपेल. घर स्वच्छ, शांत, आई आणि मुलगी, एवढंच दिसलं तर त्यांना बरं वाटतं. मी अशा कितीतरी समित्या पाहिल्यात. बाकी तिने घर छान लावलंय. निळे पडदे शिवले ते बरं केलं, त्या खोलीत दुपारी ऊन फार येतं.

आई बरी आहे. तुझी आठवण काढते, सांगायला नकोच.

तुझी,
ताई

७ ऑगस्ट

ताई,

मी काल संध्याकाळपासून हे पत्र मनातल्या मनात लिहितेय. आता कागदावर लिहिते.

समिती आली. घर लख्ख. शिवणवाली नवे कपडे घालून उभी. आणि बाहेरच्या खोलीत भावाची गादी नाही, पेटी नाही, रंगाचे डबे नाहीत. त्यांनी विचारलं, "तुमचे बंधू कुठे आहेत?" ती म्हणाली, "कामाला." त्यांनी विचारलं, "आणि सामान?"  ती माझ्याकडे बघायला लागली आणि मला काहीच कळेना. समितीच्या बाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, की तुम्ही कळवलेलं खरं होतं की नाही? ताई, आयुष्यात मला इतकं मेल्याहून मेल्यासारखं झालं नव्हतं. निर्णय पुढे ढकलला. मुलगी दप्तर भरून बसली होती म्हणे. तिला सांगायला मीच गेले.  ती नुसती दप्तरातून एकेक वस्तू काढायला लागली.

परत शिवणवालीकडे आले. ती मशीनपाशी बसून रडत होती. म्हणाली, "मोठ्या बाईंनीच सांगितलं, भावाला काढा. तुमच्या मोठ्या बहीण ना त्या? मला वाटलं तुमचंच ठरलंय दोघींचं."

तेव्हा माझं लक्ष खिडकीकडे गेलं. निळे पडदे, समितीसाठी नुकतेच लावलेले. ते मी काल पहिल्यांदा पाहिले. मी तुला त्याबद्दल एक अक्षर लिहिलेलं नव्हतं. तू मागच्या पत्रात लिहिलंस तेव्हा माझ्या डोक्यात ट्यूब पेटायला हवी होती, पण तू माझी बहीण आहेस, मी पत्र घडी करून ठेवून दिलं.

तू तिला दर आठवड्याला फोन करत होतीस, तिनेच सांगितलं. आणि ती तुझं ऐकत होती, कारण तुझं तिथलं काम संपलं असं तिला कोणी सांगितलंच नाही. सामान बांधायचं होतं म्हणे!

तुझं माझ्यावर जे काय असेल ते माझ्यावर काढायचं होतंस. त्या पोरीचं दप्तर कशाला?

बारकी

२९ ऑगस्ट

बारके,

खूप कागद फाडले.

फोन का केले त्याचं कारण सांगत बसले, तर ते पुन्हा माझंच कौतुक होईल. मी तिचं वाईट व्हावं म्हणून फोन केला नाही. पण तुझं चांगलं व्हावं असंही मला वाटत नव्हतं, हे खरं आहे. तू जिंकशील आणि तिला वाटेल, मोठ्या बाईंना इतकी वर्षं जमलं नाही ते धाकटीने चुटकीसरशी केलं, हे मला सहन होईना. पहिला फोन मी नुसतं "कशा आहात" विचारायला केला. तिने "मोठ्या बाई!" असं इतक्या आनंदाने म्हटलं, की दुसरा केला. मग प्रत्येक मंगळवारी वर्ग संपला की माझा हात फोनकडेच. तिला सल्ला दिला की मला पुन्हा मी असल्यासारखं वाटायचं.

साहेबांना मी स्वतः कळवलंय. समितीलाही लिहून दिलंय, की भावाला काढायला मी सांगितलं होतं, तुझा आणि शिवणवालीचा यात काही दोष नाही. साहेब जे करतील ते करतील. काल वर्गात एका मुलीने विचारलं, "मॅडम, केस सोपवताना प्रत्यक्ष भेट खरंच गरजेची असते का?" मी "हो" म्हटलं आणि फळा पुसायला लागले.

मी काय करू, सांग. तू सांगशील ते करीन. हे वाक्य मी तुला आयुष्यात पहिल्यांदा लिहितेय, जपून ठेव.

ताई

३ सप्टेंबर

ताई,

अजून रागावलेलीच आहे, तेव्हा थोडक्यात.

मंगळवारी ये. जी भेट तू टाळलीस ती करायची. माझ्यासमोर, तिच्यासमोर, तिच्या भावासमोर. तिला तुझ्या तोंडून ऐकू दे. भाऊ परत राहायला आलाय, पण अजून पेटी उघडत नाही. म्हणतो, "परत कोणाचा फोन आला म्हणजे?"

समिती ऑक्टोबरात पुन्हा येणार आहे. तुझ्या पत्राचा उपयोग झाला, एवढं मान्य.

बारकी

१२ सप्टेंबर

प्रिय बारके,

घरी पोचले. आईने पहिलं काय विचारलं असेल? "बारकी वाळली नाही ना गं?" मी म्हटलं, वाळलीय, माझ्यामुळे.

तू बाहेर भावाची समजूत काढत होतीस, तेव्हा आत काय झालं ते तुला माहीत नाही. मी तेव्हा सांगू शकले नाही.

मी आत शिरले तशी ती उठली आणि फडकं घेऊन खुर्ची पुसायला लागली. मी म्हटलं, "आज खुर्ची नको. मी इथे बसते," आणि स्टुलाकडे वळले. तर ती घाईघाईने म्हणाली, "नको, नको. ते धाकट्या बाईंचं आहे."

बारके, तुझं आहे! तिच्या घरात तुझं काहीतरी आहे. मी निमूट खुर्चीत बसले. तिथूनच सांगितलं, की आजपासून मी तुमची कोणी नाही. माझा निरोप आला तरी तो कार्यालयाचा नाही. काय करायचं ते तुम्ही ठरवा, अडलं तर धाकट्या बाईंना विचारा. मी पुन्हा फोन करणार नाही, आणि तुम्हीही करू नका.

तिने विचारलं, "म्हणजे मुलगी आली तरी कळवायचं नाही?" मी म्हटलं, "नाही." ती फडक्याची घडी घालत राहिली. मग म्हणाली, "तुम्ही यायच्या तेव्हा मला काही ऐकू यायचं नाही. तुम्ही काय बोलायच्या, देव जाणे. पण तुम्ही येणार म्हणून खुर्ची पुसायला मी उठायचे. आठवड्यात तेवढीच उठायचे. तुम्ही बसलात की परत पडायचे. मग एकदा वाटलं, उठलेच आहे तर टेबलही पुसावं."

मी त्या पुसण्याला मान समजत होते गं. एवढी वर्षं मिरवत होते.

ताई

१७ ऑक्टोबर

प्रिय ताई,

झालं! समितीने होकार दिला. भाऊ दारातच उभा होता, अंघोळ करून, कानसुद्धा घासून. मुलगी येत्या शनिवारी घरी येतेय, दप्तरासकट आणि दोन्ही चपलांसकट.

पण मला तुझ्याशी भांडायचंय. खुर्चीची गोष्ट तिने मला कधीच सांगितली नाही. त्या स्टुलावर बसून मी तिच्या जन्माच्या कहाण्या ऐकल्या, टाके काढून काढून बोटं दुखवून घेतली, आणि सगळ्यात मोठी गोष्ट तिने जपून ठेवली कोणासाठी, तर तुझ्यासाठी. मी जळून खाक झालेय. कार्यालयात शिपायाने पुन्हा "ताई असत्या तर" म्हटलं, तेव्हा मी म्हटलं, "हो, असत्या तर बरं झालं असतं," आणि बिनसाखरेचा चहा मागितला. कडू होता, टाकून दिला.

फोन करणार नाहीस ना? विचारायला नको, पण विचारते.

तुझी,
बारकी

२१ ऑक्टोबर

प्रिय बारके,

शनिवारी दुपारी मी आईचे केस विंचरत होते आणि फोन वाजला. शिवणवालीचा नंबर मी काढून टाकलाय, पण पाठ आहे.

वाजू दिला. आई म्हणाली, "घे की, कोणीतरी बोलावतंय." मी म्हटलं, "चुकून लागला असेल." पुन्हा वाजला. पलीकडे कोण असेल ते मला ठाऊक होतं. तीसुद्धा असेल, किंवा तिने पोरीच्या हातात फोन दिला असेल. माझा हात दोनदा पुढे गेला. दुसऱ्यांदा मी आईची वेणी इतकी घट्ट ओढली, की ती ओरडली. मग फोन थांबला, आणि मी खिडकीत जाऊन त्या मेल्या टाकीकडे बघत रडले.

तू तिथे होतीस. तू पोरीला दारातून आत जाताना पाहिलंस. मला अजूनही तुझा हेवा वाटतो, बारके, आणि तो जाईलसं वाटत नाही.

त्या दिवशी तिथे काय झालं, ते मला सांगू नकोस. मी विचारलं तरी सांगू नकोस. ती केस तुझी आहे.

दिवाणखान्यात तुझी वाट बघत आई बसलीय. ये, आणि आलीस की मी तुझ्यासाठी खुर्ची पुसून ठेवते.

तुझी,
ताई